डिसेंबरचं पिवळं कार्ड

आमच्या खालच्या मजल्यावर वेलिबोर ग्रुबाच राहायचा. राहायचा म्हटलं म्हणून घाबरू नका, माणूस धडधाकट आहे. जानेवारीत गाशा गुंडाळून सर्बियाला परत गेला, एवढंच. पण तो गेल्यापासून जिना भकास झालाय आणि मला सारखं वाटतं, कुणीतरी त्याच्याबद्दल विचारावं. कुणी विचारत नाही. मेल्यांना फुरसत कुठे आहे? म्हणून मीच सांगते.

मी सुनीती. जन्म पुण्याचा, बाकी सगळं आयुष्य ग्लासगोत. हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचं काम केलं. जन्मभर लोकांना झोपवलं, पण हिला स्वतःला काही गप्प बसवत नाही, असं आमचा शशी म्हणतो. शशी म्हणजे माझा नवरा, रिटायर्ड जीपी, आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर. ग्लासगोच्या शॉलंड्स भागात जुन्या दगडी इमारतीत आमचा फ्लॅट आहे. सगळ्यांना मिळून एकच जिना, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय, कोण कुणाशी भांडतंय, सगळं आपसूक कळतं.

वेलिबोर राहायला आला तेव्हा फुटबॉल सोडून त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. उंच, खांद्यात जरा वाकलेला, केस पिकलेले. लग्न झालं होतं, मोडलंही होतं. कौन्सिलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये फाइव्ह-अ-साइडची, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलची मैदानं सांभाळायचा. बुकिंग घ्यायचं, पट्टे मारायचे, दिवे बंद करायचे. बॉल गडगडत पायाशी आला तर हाताने उचलून परत द्यायचा. पायाने कधी नाही. हे मी स्वतः पाहिलंय.

तर पहिल्याच वर्षी डिसेंबरात काय झालं, एक दिवस खालून असा काही वास येतोय! भाजलेला मासा, लसूण, घेवड्यासारख्या कुठल्यातरी दाण्यांची खमंग उसळ, ताजा पाव. खाली जाते तर याचं दार सताड उघडं. आत टेबल मांडलेलं, पांढरं कापड, मधोमध ही एवढी मेणबत्ती. हा इस्त्रीचा शर्ट घालून बसलाय. मला बघून हसला, मान हलवली, पण 'या' म्हणून म्हणाला नाही. मी आपली बाजारात निघून गेले. परत आले तरी दार तसंच उघडं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! वरच्या मजल्यावर दोन माणसं राहतात, बाबा. तोंडदेखलं तरी बोलवावं ना? पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. एकोणीस डिसेंबर, उघडं दार, आमंत्रण नाही. मी शशीला म्हटलं, "हा माणूस माजलेला आहे." शशी म्हणाला, "तुला मासे खायचेत, सरळ सांग ना."

खुलासा कसा झाला ऐका. एका उन्हाळ्यात त्याच्या कुलपात किल्ली अडकली. लॉकस्मिथ येईपर्यंत आमच्याकडे चहाला बसला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "डॉक्टर, एक विचारू? माझ्याकडून तुमचं काही चुकलंय का? इतकी वर्षं स्लावाला तुम्ही एकदाही येत नाही." आम्ही बोलायचो इंग्रजीत, म्हणजे त्याचं ग्लासगोचं आणि वर सर्बियन फोडणी दिलेलं, मी मराठीतच सांगते.

मी म्हटलं, "अरे, तू बोलावलंस कधी?"

त्याने समजावलं. मग कळलं. स्लावा म्हणजे आपला कुळाचार म्हणा ना. दर घराण्याचा एक संत असतो, त्याचा दिवस ठरलेला. बापाकडून मुलाकडे जातो. यांचा संत निकोलस, एकोणीस डिसेंबर. नाताळाआधीचा त्यांचा उपास चालू असतो, म्हणून मटण नाही, दूध नाही, अंडं नाही. आणि मुख्य म्हणजे, स्लावाला कुणाला बोलवायचंच नसतं! बोलावलं की संताचा अपमान. दार उघडं ठेवायचं, ज्याला यायचंय तो येतो. आणि आमच्यात? साधं हळदीकुंकू असलं तरी घरी जाऊन सांगून यावं लागतं, नाहीतर पुढचा डिसेंबर रुसण्यात जातो. तो बिचारा दार उघडून आमची वाट बघत होता आणि आम्ही वर बसून त्याच्या बोलावण्याची. सांगा, कुणाला धरायचं?

त्या डिसेंबरपासून आम्ही जायला लागलो. दारातच चमचाभर गव्हाचं गोड देतात. शिजवून वाटलेले गहू, साखर, अक्रोड. मला खिरापतीची आठवण झाली. ग्लासगोतली त्याच्या देशाची दोन-तीन मंडळी यायची, जेवून जायची. पण टेबलावर एक ताट कायम उपडं असायचं आणि वेलिबोरचं लक्ष सारखं दाराकडे. शेवटी मी विचारलंच, "कुणाची वाट बघतोस?"

"केनीची," तो म्हणाला.

आता हा केनी कोण हे सांगायचं तर याचं सगळं करिअरच सांगायला हवं.

वेलिबोर चाचाकचा. सर्बियात आहे गाव, मी बनवून सांगत नाही. वडील कागद कारखान्यात फोरमन. पोरगा शाळेमागच्या सिमेंटवर खेळायचा. बेलग्रेडच्या एका मोठ्या क्लबाने उचलला तेव्हा युद्धापायी देशावर निर्बंध, दुकानं रिकामी. प्रॅक्टिस झाल्यावर पोरं भूक मारायला पाणी पिऊन झोपायची. त्यातूनही हा टिकला. मिडफिल्डर. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यानेच समजावलं. गोल मारणारा वेगळा, अडवणारा वेगळा. मधला माणूस समोरच्याकडून बॉल काढून घेतो आणि आपल्या माणसाला देतो. मी म्हटलं, म्हणजे पंगतीतला वाढपी. सगळी पंगत त्याच्या हातून जेवते आणि घरी गेल्यावर कुणाला त्याचा चेहरा आठवत नाही. त्याला हे फार आवडलं. मग आल्यागेल्याला सांगायचा, "डॉक्टर म्हणतात मी वाढपी होतो." वाढपी शब्द मात्र त्याला शेवटपर्यंत नीट म्हणता आला नाही.

एकदा, एकदाच, नॅशनल टीममध्ये नाव आलं. जवळजवळ सगळी मॅच बाकावर ट्रॅकसूट घालून बसला. पंच्याऐंशीव्या मिनिटाला कोचने वॉर्म-अपला उठवलं. हा लाइनशेजारी धावतोय, धावतोय, आणि शिट्टी वाजली. संपलं. पुढे देशाचं नावसुद्धा बदललं, पण याला परत बोलावणं आलं नाही. हे सांगताना हसायचा, पण हातातला ग्लास उगाच फिरवत राहायचा.

मग स्कॉटलंड. लोमंडसाइड अ‍ॅथलेटिक म्हणून क्लब होता, ग्लासगोच्या बाहेर. तिथे याचं बस्तान बसलं. लोक 'वेली, वेली' म्हणून ओरडायचे. चांगली चार वर्षं गेली. फक्त एक अडचण. डिसेंबर महिना म्हणजे इथे फुटबॉलचा ऐन सीझन, सुट्टी नाही. आणि वडिलांचं म्हणणं, एकोणीस तारखेला मुलगा टेबलाशी पाहिजे. दुसरं काही मागितलं नाही त्या माणसाने जन्मात.

त्यावर याने युक्ती काढली. पिवळ्या कार्डांचा ठरावीक आकडा भरला की एका मॅचची बंदी येते. मग डिसेंबरच्या सुरुवातीला, कुणाचं नुकसान होणार नाही अशा बेताने, एखाद्याचा शर्ट ओढायचा नाहीतर फ्री-किक अडवून उभं राहायचं. रेफरी खिशातून पिवळं कार्ड काढणार, बंदी येणार आणि हा बंदीच्या दिवसांत चाचाकला जाऊन वडिलांच्या शेजारी मेणबत्ती लावून परत येणार. मॅनेजरला ठाऊक होतं, पोरांना ठाऊक होतं. 'वेलीचं डिसेंबरचं कार्ड' म्हणून ड्रेसिंग रूममध्ये थट्टा चालायची. परदेशातून आलेले बरेच जण करतात म्हणे. ऐकलं तेव्हा मलासुद्धा हसू आलं. काय डोकं लावलंय पठ्ठ्याने!

चौथ्या वर्षीची गोष्ट. एक कार्ड कमी होतं. तिकीट काढून ठेवलेलं. समोरच्या टीममध्ये केनी नावाचा पोरगेला खेळाडू, डाव्या बाजूने वाऱ्यासारखा पळणारा. याने पहिल्या हाफमध्ये त्याचा शर्ट ओढला. रेफरी हसून म्हणाला, "पुरे हं, वेली." नंतर पाय आडवा घातला. रेफरीने बोट दाखवून दम दिला, कार्ड नाही! एरवी पटापट कार्ड काढणारा माणूस, नेमका त्या दिवशी दयाळू झाला. मॅच संपत आली. वेलिबोरच्या डोळ्यासमोर वडिलांच्या शेजारची रिकामी खुर्ची. केनी बॉल घेऊन आला आणि हा घुसला. बॉलसाठी घुसलाच नाही. कार्डासाठी घुसला.

"आवाज आला, डॉक्टर," तो मला म्हणाला. "तुम्हाला माहीत आहे तो आवाज."

मला माहीत आहे. नडगीची दोन्ही हाडं. पिवळं राहिलं बाजूला, लाल कार्ड मिळालं, म्हणजे मैदानाबाहेर आणि वर बंदी. केनीला तीन ऑपरेशनं झाली, तो परत कधी खेळला नाही. त्याला म्हणे एका मोठ्या इंग्लिश क्लबचं बोलावणं यायच्या बेतात होतं. आणि वेलिबोरच्या पायातून त्या दिवशी जे गेलं ते गेलंच. समोरून माणूस आला की हा पाय मागे घ्यायचा. बॉल काढून न घेणारा मिडफिल्डर कोण ठेवणार? सीझन संपल्यावर क्लबने सोडला, मग आणखी खालचा क्लब, मग त्याच्याही खालचा, आणि बत्तिसाव्या वर्षी बूट टांगले. पेपरवाल्यांना, क्लबला, बायकोलासुद्धा त्याने एकच सांगितलं होतं: मैदान निसरडं होतं. खरं पहिल्यांदा मला सांगितलं, त्या टेबलाशी. सांगून झाल्यावर उठला आणि प्लेटा विसळायला लागला. तिकीट काढलेलं होतं, बंदी आलेली होती, म्हणजे हा चाचाकला गेला असणार. मी पुढे विचारलं नाही.

तर ते उपडं ताट केनीचं. एकदा केनी त्या दारातून आत यावा आणि आपण त्याला खरं सांगावं, एवढी एकच इच्छा या माणसाने उराशी धरली होती. मी म्हटलं, "अरे, मग फोन कर! पत्ता आहे ना?" पत्ता होता. ग्रीनॉक, इथून अर्ध्या-पाऊण तासावर. शाळेत जॅनिटर आहे, म्हणजे इमारतीची देखभाल करतो, बायको-मुलं आहेत, सगळं याला पाठ. पण फोन? छे! "स्लावाला बोलवायचं नसतं. टीममधल्या जुन्या पोरांकडून निरोप गेलाय, एकोणीस तारखेला दार उघडं असतं म्हणून. त्याच्या मनात असेल तर येईल." दरवर्षी हीच टकळी. मी हात टेकले.

गेल्या डिसेंबरात मात्र डोक्यात तिडीकच गेली. घर सोडायची नोटीस दिलेली, खोक्यांच्या थप्प्या लागलेल्या. चाचाकला आई वारली होती, रिकामं घर उघडायला हा कायमचा निघाला होता. म्हणजे हा ग्लासगोतला शेवटचा स्लावा. दुपारी आम्ही खाली गेलो तर पुन्हा ते ताट, पुन्हा ती दाराकडे लागलेली नजर.

मी म्हटलं, "वेलिबोर, केनी सर्बियन आहे का?"

"नाही."

"मग त्याला काय माहीत तुमच्यात कसं चालतं ते? मी तुझ्या डोक्यावर राहते, मला कळलं नाही. मी वर रुसून बसले होते, आठवतंय? तो तिकडे असाच बसला असेल, मला विचारत कसं नाहीत म्हणून."

"पण बोलवायचं नसतं—"

"नको बोलावूस! तू जा. बोलावल्याशिवाय जायचं असतं ना? मग तू पाहुणा हो."

तो म्हणाला, यजमानाने मेणबत्ती सोडून उठायचं नसतं. मी म्हटलं, शशी बसेल. शशीने माझ्याकडे असं पाहिलं! पण बसला बिचारा. दोन सर्बियन कुटुंबं येऊन जेवून गेली आणि हा मराठी म्हातारा दारात उभा राहून त्यांना चमचा-चमचा गहू वाढत होता.

वेलिबोरने कणकेची फुलंपानं काढलेले दोन पाव भाजले होते. त्यातला एक कापडात गुंडाळून मांडीवर घेतला. गाडी मी चालवली. क्लाइड नदीच्या कडेने जाताना चार वाजताच काळोख पडला. ग्रीनॉकच्या चढावर म्हणाला, "डॉक्टर, परत जाऊ या." मी म्हटलं, "गप्प बस."

दार केनीच्या बायकोने उघडलं. वेलिबोरने नाव सांगितलं तशी तिचा चेहरा कठोर झाला. पण तिने आत जाऊन सांगितलं, आणि आतून आवाज आला, "येऊ दे."

बैठकीच्या खोलीत केनी टीव्हीसमोर बसला होता. चाळिशी ओलांडलेला, सुटलेला, डावा पाय स्टुलावर. उठला नाही. बसा म्हणालाही नाही. वेलिबोर पाव हातात धरून उभाच राहिला आणि उभ्याउभ्या सगळं बोलला. वडील, स्लावा, कार्ड, दयाळू रेफरी, बॉल सोडून पायावर घुसलो ते. एकदाही थांबला नाही. घोकलेलं असावं इतक्या वर्षांत. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

केनी म्हणाला, "माहितीये मला."

वेलिबोरने मान वर केली.

"पहिल्या आठवड्यातच कळलं. हॉस्पिटलला तुझ्याच टीममधली दोघं भेटायला आली होती. वेलीचं डिसेंबरचं कार्ड, साऱ्या लीगला ठाऊक होतं. माझा पाय म्हणजे तुझी रजा होती." आवाज चढलेला नव्हता. "मला राग टॅकलचा नाही आला. चूक होते. मी तिथे पाय टांगून पडलो होतो आणि तू विमानात बसून घरी पार्टीला गेलास, त्याचा आला. नंतर उघड्या दाराचा निरोपही आला. मी म्हटलं, पाय मोडला त्याने, आणि जिने चढून जायचं मी? एक फोन केला असतास तर पहिल्याच वर्षी आलो असतो."

वेलिबोरचं तोंड पांढरं पडलं. एक फोन! जन्म गेला दार उघडं ठेवण्यात. त्या क्षणी मला त्याचीही कीव आली, केनीचीही, आणि जगातल्या सगळ्या रीतींचा संताप आला.

मग केनीच जरा सैल झाला. मनाने चांगला माणूस, दिसत होतं. म्हणाला, "जाऊ दे. म्हातारा तरी खूश झाला असेल ना, तू पोचलास म्हणून?"

वेलिबोर म्हणाला, "मी गेलो नाही."

"काय?"

"एअरपोर्टपर्यंत गेलो. बॅग काउंटरवर दिली. पण तो आवाज कानातून जाईना. अशा पायांनी संताच्या टेबलाशी बसायचं कसं? बॅग परत मागून घेतली आणि घरी आलो. वडिलांना फोनवर सांगितलं, मॅच आहे, मॅनेजर सोडत नाही. ते म्हणाले, बरं, पुढच्या वर्षी. एप्रिलमध्ये गेले."

इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर राहून हे मला ठाऊक नव्हतं. मीही इतरांसारखंच समजून चालले होते. केनीच्या बायकोने टीव्ही बंद केला.

केनीने स्टुलावरून पाय हाताने उचलून खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे गेलाच नाहीस. मग माझा पाय कशासाठी मोडलास रे?"

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. रागाला वेलिबोरने मान खाली घातली असती आणि आम्ही निघालो असतो. पण केनी रागावला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं, आणि तो उत्तराची वाट बघत बसला होता.